सुमाक : गोणीवरचे नाव आणि रानातले झुडूप

आखाती देशांत नोकरीधंद्यासाठी जाऊन आलेल्या आपल्या बांधवांना सुमाक नवा नाही. इराणी हॉटेलात चेलो कबाबाबरोबर टेबलावर जी जांभळट-लाल, आंबट पूड ठेवलेली असते, ती सुमाक. लेबनॉनच्या फत्तूश सॅलडवर तीच भुरभुरतात आणि फलस्तीनच्या मुसख्खनमध्ये कांद्याबरोबर तीच घालतात. युनानी दवांचा व्यापार करणाऱ्यांकडेही हे नाव जुने आहे. चामड्याच्या धंद्यातल्या जुन्या मंडळींना मात्र सुमाक म्हटले की पूड आठवत नाही, पाला आठवतो. कारण याच झुडपाच्या पाल्याने कातडी कमावतात. मसालेवाला फळ विकत घेतो, चामडेवाला पाला विकत घेतो, आणि दोघांच्याही गोणीवर नाव एकच असते.

हे झुडूप कोणते, ते कोठे उगवते आणि त्याच्याच गोतातले एक झुडूप अमेरिकेत नामशेष होण्याच्या काठावर कसे आले, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत. विषय दूर देशाचा वाटेल. पण काष्ठौषधी, डिंक, साल, फळे, बिया असा रानातला माल घेऊन ज्यांचा धंदा चालतो, त्यांना या झुडपाच्या हकिकतीत आपल्या पेढीचाच हिशेब दिसेल.

नाव आणि गोत

अरबीत या झुडपाला 'सुम्माक' म्हणतात. सुर्यानी भाषेत याच घडणीच्या शब्दाचा अर्थ लाल असा होतो. फळांचे गर्द लाल घोस पाहिले की नाव कसे पडले ते कळते. अरबीतून हा शब्द युरोपच्या भाषांत गेला. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव 'ऱ्हस कोरिआरिया' असे आहे. लॅटिनमध्ये 'कोरियम' म्हणजे चामडे. म्हणजे अरबी नाव फळावरून आले आणि लॅटिन नाव पाल्याच्या उपयोगावरून.

कॅनरी बेटांपासून भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिली, तुर्कस्तान, शाम, पुढे कॉकेशस, इराण आणि अफगाणिस्तान असा या सुमाकाचा मुलूख आहे. खडकाळ उतार, कमी पाऊस आणि भरपूर ऊन त्याला मानवते.

त्याचे गोत आपल्याला चांगले परिचित आहे. आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा ज्या कुळातले, त्याच कुळातला सुमाक. दख्खनच्या कोरड्या माळांवरही त्याचा एक काटेरी चुलतभाऊ आढळतो. पूर्वी त्याला 'ऱ्हस मायसोरेन्सिस' म्हणत. आता शास्त्रज्ञांनी त्याला 'सिअर्सिया' या वेगळ्या गटात घातले आहे. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की कातडी उततते, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. अमेरिकेत याच कुळातल्या एका झुडपाला 'विषारी सुमाक' म्हणतात. त्याच्या चिकानेही अंगाला फोड येतात. खाण्याचा सुमाक आणि हा विषारी सुमाक एक नव्हेत. विषारी सुमाकाची फळे पांढरट असतात, खऱ्या सुमाकाची लाल. नावातला हा घोळ लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पाल्याचा व्यापार

चामड्याच्या कारागिराला कमावणीची तत्त्वे सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल ही नावे पिढ्यान् पिढ्या चालत आली. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभूळ आणि हिरड्यावर तयार होत आले. कातडी कुजू न देणारे जे तुरट द्रव्य या साली-फळांत असते, त्याला टॅनिन म्हणतात. सुमाकाच्या वाळलेल्या पाल्यात ते साधारणपणे चौथा हिस्सा भरते. शिवाय सुमाकाने कमावलेले चामडे फिकट रंगाचे, मऊ आणि उजेडात टिकणारे होते. त्यावर हवा तो रंग स्वच्छ चढतो. बकरीच्या कातड्याचे 'मोरोक्को' चामडे आणि पुस्तकांच्या उत्तम जिल्दी यांसाठी त्याला मागणी होती ती यामुळेच. एकोणिसाव्या शतकात सिसिली बेटावर या झुडपाची शेती होई आणि पालेर्मो बंदरातून दळलेला पाला परदेशी जाई.

जिल्दसाजांसाठी येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या ग्रंथालयांत नवीन पुस्तकांच्या जिल्दी जुन्या जिल्दींच्या आधी फाटू लागल्या. कारण शोधण्यासाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने समिती नेमली. समितीचा ग्रंथरूप अहवाल १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुस्तकबांधणीसाठी सुमाकाने कमावलेले चामडे उत्तम, असा त्यातला निष्कर्ष होता. त्याच समितीने हिंदुस्थानातून, मुख्यतः मद्रासकडून, जाणाऱ्या तरवडाच्या चामड्यावर ताशेरे ओढले. पुस्तकांवर ते उजेडाने व गॅसच्या धुराने लाल पडते आणि लवकर झिजते, असे तिचे म्हणणे होते. तरवड वाईट आणि सुमाक चांगला असा याचा सरसकट अर्थ नाही. तरवडाचे चामडे इतर कामांना चालत होते. पण कोणत्या कामाला कोणती साल, हे न विचारता स्वस्त माल वापरला की वीस वर्षांनी त्याची किंमत गिऱ्हाईक मोजते, एवढे मात्र खरे.

मागणी वाढली की भेसळ आलीच. दळलेल्या सिसिली सुमाकात मस्तकीच्या जातीच्या झुडपाचा पाला मिसळत. पूड झाल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून युरोपातल्या चामड्याच्या रसायनशाळांत सूक्ष्मदर्शकाखाली पानांचे तुकडे ओळखण्याची पद्धत बसवावी लागली. मसाल्याच्या सुमाकात आजही कृत्रिम रंग आणि जादा मीठ घालण्याचे प्रकार होतात. थोडे मीठ तर परंपरेने घालतातच. प्रश्न प्रमाणाचा असतो.

अमेरिकेतले धाकटे भावंड

अमेरिकेतही सुमाकाच्या अनेक जाती आहेत. एकोणिसाव्या शतकात व्हर्जिनिया राज्यात शेताच्या कडेचा रानटी सुमाक गोळा करून दळण्याचा मोठा धंदा चाले. तो पाला सामान्य, विपुल वाढणाऱ्या जातींचा असे आणि त्याचे चामडे सिसिलीच्या मालापेक्षा गडद होई.

याच मुलखात सुमाकाची एक ठेंगणी जात आहे. तिचे शास्त्रीय नाव 'ऱ्हस मिशोई'. आम्ही तिला मिशोचा सुमाक म्हणू. आंद्रे मिशो हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ. फ्रान्सच्या राजाने त्याला १७८५ साली उपयोगी झाडांच्या शोधात अमेरिकेला पाठवले होते. त्याच्या ग्रंथात या झुडपाचे वर्णन आहे. पुढे १८९५ साली सार्जंट या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला मिशोचे नाव दिले.

उंची जेमतेम एक ते तीन फूट. इतर सुमाक माणसाच्या डोक्यावर जातात, हा गुडघ्या-मांडीपर्यंत. पानांवर आणि काड्यांवर दाट लव. एका पानात नऊ ते तेरा दातेरी पर्णिका. उन्हाळ्यात हिरवट-पिवळी फुले येतात आणि पावसाळा संपता संपता, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, लाल लवदार फळांचे घोस धरतात. जमीन वाळूची किंवा खडकाळ आणि वर झाडांची सावली विरळ हवी.

या झुडपाचा मुलूख मुळातच लहान. नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि व्हर्जिनिया ही राज्ये आणि फ्लोरिडातली जुनी नोंद, एवढाच. त्यातही साउथ कॅरोलिना आणि फ्लोरिडातून ते गेले. आता मोठा हिस्सा नॉर्थ कॅरोलिना व व्हर्जिनियात आहे आणि जॉर्जियात थोडेसे. २८ सप्टेंबर १९८९ रोजी अमेरिकन सरकारने त्याची नोंद संकटग्रस्त जातींच्या यादीत केली आणि १९९३ साली त्याला सावरण्याची योजना तयार झाली.

आता कोणी विचारेल, हे झुडूप व्यापाऱ्यांनी ओरबाडून संपवले काय? तसे नाही. बाजाराच्या मोठ्या मालात ते कधी नव्हते. उलट त्याची बदनामी होती. 'खोटा विषारी सुमाक' असे त्याचे एक नाव अजूनही पुस्तकांत सापडते. ते विषारी नाही. पण विषाचा संशय असलेले आणि विक्रीला न येणारे झुडूप जपायला कोणी पुढे येत नाही. ज्या मालाला बाजारात भाव नाही, त्याचा राखणदारही नसतो.

शंभर काड्या, जीव एक

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या हकिकतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

खजूर आणि पपई यांत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, हे आपण जाणतो. अरबस्तानात खजुराच्या बागेत नराचे फुलोरे आणून मादीवर बांधतात, तेव्हा फळ धरते. मिशोच्या सुमाकाचेही असेच आहे. पण त्याला वाढण्याचा आणखी एक मार्ग आहे. जमिनीखालून त्याची मुळासारखी खोडे पसरतात आणि जागोजागी नवीन धुमारे वर येतात. काही वर्षांत एका बीपासून शंभर काड्यांचा ताटवा तयार होतो. लांबून पाहणाऱ्याला शंभर झुडपे दिसतात. प्रत्यक्षात तो एकच जीव असतो, आणि सगळ्या काड्या एक तर नर किंवा मादी.

आता अशा ताटव्यांच्या मधली जमीन नांगराखाली गेली, तिथे पाईनची लागवड झाली, वस्ती झाली, रस्ता झाला. एका बाजूला नर राहिला, मैलोगणती दूर मादी राहिली. मधमाशी तेवढे अंतर ओलांडत नाही. नराच्या ताटव्यात फळ कधीच येत नाही. मादीला फुले येतात, पण बी धरत नाही. ताटवा हिरवागार दिसतो, वर्षानुवर्षे उभा राहतो, पण त्याची पुढची पिढी नसते. या जातीचे कित्येक ताटवे असे एकाच लिंगाचे उरले आहेत.

त्यात भर म्हणजे शेजारी जर गुळगुळीत पानांचा सामान्य सुमाक असेल, तर त्याच्याशी संकर होतो. बी धरते, पण येणारे रोप मिश्र जातीचे निघते.

दुकानदाराला हे समजावून सांगायला नको. फळीवर शंभर डबे मांडलेले आहेत, पण ते सगळे एकाच उधारीच्या मालाचे आहेत आणि नवीन माल येण्याचा रस्ता बंद आहे. बाहेरून दुकान भरलेले दिसते. वही उघडली की कळते.

आग बंद झाली आणि झुडूप गुदमरले

दुसरे कारण आणखी विलक्षण आहे. त्या भागातल्या मोकळ्या रानांत पूर्वी विजेने किंवा तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून वरचेवर वणवे लागत. जमिनीलगतची हलकी आग गवत आणि लहान झाडे जाळून जाई. मिशोच्या सुमाकाचे जमिनीखालचे खोड सुरक्षित राही आणि मोकळ्या उन्हात पुन्हा जोमाने फुटे. विसाव्या शतकात सरकारने आणि जमीनमालकांनी वणवे विझवण्याचा चंग बांधला. हेतू चांगला होता. पण आग थांबली तशी झाडोरा दाटला, सावली गडद झाली आणि हे ठेंगणे झुडूप खाली गुदमरले.

म्हणून आज ते सापडते ते रस्त्याच्या कडेला, विजेच्या तारांखालच्या पट्ट्यात आणि रेल्वेलगत, जिथे कापणीमुळे जमीन मोकळी राहते. पण तिथेच तणनाशक फवारले जाते. आणि त्याची सर्वांत मोठी वस्ती कोठे आहे? व्हर्जिनियातील फोर्ट पिकेट या लष्करी सराव-क्षेत्रात. तोफगोळ्यांच्या सरावाने तिथे वारंवार आग लागत राहिली, नांगर तिथे गेला नाही, घरे बांधली गेली नाहीत. राखण करायला कोणी बसवले नव्हते. त्याला हवी ती परिस्थिती तिथे योगायोगाने टिकली. आता अशा ठिकाणी ठरवून, ताब्यात ठेवून आग लावण्याचा उपाय करतात. नर आणि मादी रोपे जवळ आणून लावणे हा दुसरा उपाय आहे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यात एक बाब व्यापाऱ्याने समजून घेण्याजोगी आहे. संकटग्रस्त प्राणी कोणाच्याही जमिनीवर मारता येत नाही. वनस्पतीचे तसे नाही. सरकारी जमिनीवरून ती उपटणे गुन्हा आहे. परवान्याशिवाय तिची आयात-निर्यात आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री करता येत नाही. पण खासगी जमिनीचा मालक स्वतःच्या शेतातले झुडूप उपटू लागला, तर राज्याचा वेगळा कायदा नसल्यास केंद्राचा हा कायदा त्याचा हात धरत नाही. म्हणजे कायदा विक्रेत्याला आधी पकडतो आणि नांगरवाल्याला सहसा सोडतो. वनस्पतीच्या व्यापारात कागद चोख ठेवण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावरच येऊन पडते.

आपल्या देशातही हेच दिसते. खाण्याचा सुमाक वन्य जातींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे 'साइट्स'मध्ये, नाही. पण युनानी आणि आयुर्वेदिक दवांच्या बाजारातला कुठ, ज्याला उपलेट किंवा कुस्त म्हणतात, तो १९८५ पासून या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. रक्तचंदन आणि जटामांसी, म्हणजे हकिमांचे सुंबुल, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. शिवाय आपला २००२ चा जैवविविधता कायदा आहे. निर्यात करणाऱ्याने माल बंदरावर अडकल्यावर ही नावे शिकायची की आधी, एवढाच प्रश्न आहे.

आपण काय करावे

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी या सगळ्यातून चार गोष्टी निघतात.

पहिली, बिलावर बाजारातल्या नावाबरोबर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. 'सुमाक' म्हणजे कोणता सुमाक? फळ की पाला? कोणत्या देशाचा? पूड घेण्याऐवजी शक्य तेव्हा अख्खी फळे घ्यावीत आणि स्वतः दळावीत. अख्ख्या फळात भेसळ लपत नाही.

दुसरी, माल वनस्पतीच्या कोणत्या भागाचा आहे ते पाहावे. फळ किंवा पाला नीट काढला तर झुडूप जगते. मूळ काढले तर ते झुडूप तिथेच संपते. कुठ आणि जटामांसी ही मुळांचीच दवा आहे. त्यांच्यावर बंधने येण्यामागे हे एक मोठे कारण आहे. सुमाकाचा व्यापार शतकानुशतके चालला, कारण त्यात मूळ उपटावे लागत नाही.

तिसरी, फळ गोळा करणाऱ्याशी थेट बोलावे. 'यंदा माल भरपूर आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. नवीन रोपे दिसतात का, की तीच जुनी झाडे वर्षानुवर्षे झोडपली जात आहेत, हे विचारावे. सगळी फळे उतरवली तर पुढचे बी कोठून येणार? मिशोच्या सुमाकाने दाखवले आहे की उभे झाड आणि टिकणारी जात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

चौथी, ज्याची लागवड होऊ शकते त्याची लागवड केलेला मालच शोधावा, दोन पैसे जास्त पडले तरी. सिसिलीच्या शेतकऱ्यांनी सुमाक शेतात लावला, तेव्हाच चामड्याच्या कारखानदाराला दरवर्षी एकाच प्रतीचा पाला मिळू लागला. रानातल्या मालाचा भाव स्वस्त दिसतो, पण त्याची प्रत आणि पुरवठा आपल्या हातात नसतो.

मिशोच्या सुमाकावर कोणाचीही रोजी अवलंबून नव्हती, म्हणून त्याची घट होत असताना कोणाच्या वहीत तोटा दिसला नाही. आपल्या दुकानातल्या हिरडा, बेहडा, डिंक, चारोळीवर मात्र हजारो घरांची चूल पेटते. यंदा चारोळीची गोणी उतरवून घेताना वजनाबरोबर एवढेही विचारावे, की ज्या रानातून ती आली तिथे चारोळीची लहान रोपे उगवताना दिसतात काय. उत्तर नाही असे आले, तर पुढच्या दहा वर्षांच्या खरेदीचा विचार आजच सुरू करावा.